अंगणातील जुनी जीप : ठेवावी की द्यावी?



घर आणि पेढी यांच्या सीमेवर काही प्रश्न असे असतात की, ते केवळ रोजमेळ पाहून सुटत नाहीत आणि केवळ जिव्हाळ्यानेही सुटत नाहीत. विदर्भातील अनेक व्यापारी घरांत असा एक प्रश्न सध्या पत्र्याच्या शेडखाली, अंगावर ताडपत्री घेऊन उभा आहे. आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप ठेवावी की विकावी, हा तो प्रश्न. दिसायला तो लहान आहे. परंतु भावाभावांत अबोला धरायला लावण्याइतकी ताकद त्यात आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठी आजचे हे पान.

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. हा महामार्ग पूर्वी क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. आता तो क्रमांक ४४ आहे. उत्तरेस हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ, दक्षिणेस वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. महामार्गावरून वाहने सुसाट जातात. पण तोच रस्ता सोडून शेताच्या पांदणीला लागले की जग बदलते. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थरावर थर चिकटते आणि पाहता पाहता चाक गोल न राहता मातीचा गोळा होतो. आषाढात साधी मोटार तिथे शंभर पावलेही जात नाही.

व्यापाऱ्याला मात्र त्या पांदणीने जावेच लागे. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापसाची खरेदी शासनाच्या एकाधिकार योजनेखाली होती. त्या काळात अनेक व्यापारी घरांनी तूर, हरभरा, सोयाबीन, बी-बियाणे, खते आणि किराणा यांकडे व्यवहार वळवला. पेरणीच्या तोंडावर बियाणे पोहोचवणे, उधारीची वसुली करणे, स्वतःची शेती पाहणे, यासाठी चारही चाकांना जोर देणारे वाहन ही चैन नव्हती, ते धंद्याचे अवजार होते. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जीपमध्ये प्यूजोच्या बनावटीचे सुमारे २.१ लिटरचे डिझेल इंजिन असे. वेग बेताचा, आवाज मोठा, बसायला कठीण. पण चिखलातून बाहेर काढण्याची तिची हमी घरातल्या थोरल्या माणसासारखी असे.

या लेखापुरते वडनेरचे एक घर कल्पू या. त्यात पुष्कळांना आपले घर दिसेल. आजोबांनी १९९६ साली जीप घेतली. आजोबा २०२२ नंतर गेले. मागे आजी, तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरले पेढी सांभाळतात, मधले शेती पाहतात, धाकटे नागपूरला स्थायिक झाले आहेत. मुलगी, म्हणजे नातवंडांची आत्या, अमरावतीला नांदते. थोरल्यांना अंगणात जागा हवी आहे. मधले म्हणतात, पावसाळ्यात जीपच उपयोगी पडते. धाकटे म्हणतात, आजोबांची आठवण विकायची नाही. पण ते वर्षातून दोनदाच येतात. आजी काही बोलत नाहीत. आत्याला कोणी विचारलेलेच नाही.

इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. घरातला प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत आहे. थोरले जागेविषयी बोलतात, मधले कामाविषयी, धाकटे आठवणीविषयी. म्हणून वाद संपत नाही. त्याऐवजी जीपला तीन प्रश्न एकापाठोपाठ एक विचारावेत : तिला काम आहे काय? तिचे कागद कोणाच्या नावे आहेत? आणि तिचा सांभाळ करणारा एक माणूस नावानिशी कोण? या तिन्हींची उत्तरे मिळाली की निर्णय पुष्कळसा आपोआप होतो.

प्रथम कामाविषयी. स्मरणशक्तीवर विसंबू नये; कारण चिखलातून सुटकेचा एक प्रसंग माणसाला दहा वर्षे आठवतो आणि जीप नुसती उभी होती ते तीनशे दिवस मात्र आठवत नाहीत. एक साधी वही करावी. मृग नक्षत्रापासून दिवाळीपर्यंत जीप किती दिवस निघाली, कोणत्या कामासाठी निघाली आणि ते काम दुसऱ्या वाहनाने झाले असते काय, एवढे तीन रकाने पुरेत. सबंध हंगाम वाट पाहणे शक्य नसेल तर मागील वर्षाच्या डिझेलच्या पावत्या काढाव्यात. त्या खोटे बोलत नाहीत.

या हिशेबात काळाने घडवलेले बदलही धरावे लागतात. पूर्वी रात्री-अपरात्री आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला हिंगणघाटला न्यायचे तर व्यापाऱ्याच्या दारची जीपच आठवे. हे पुण्यकर्म अनेक घरांनी वर्षानुवर्षे केले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि तो भार पुष्कळ हलका झाला. शेतीच्या वाहतुकीचे काम आता ट्रॅक्टर करतो. राज्याच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून काही पांदणी पक्क्या होत आहेत. तरीही जुलै २०२२ च्या अतिवृष्टीसारखे दिवस येतात आणि तेव्हा चारही चाकांचा जोर असलेले वाहन मोलाचे ठरते, हेही तितकेच खरे. आपल्या शेताची वाट अजून कच्चीच असेल, आणि वहीत पंचवीस-तीस दिवसांचे खरे काम निघत असेल, तर जीपला काम आहे असे निःसंकोच समजावे.

खर्चाचे दोन भाग करावेत. चालता खर्च म्हणजे डिझेल आणि चालल्याने होणारी झीज. उभा खर्च म्हणजे विमा, बॅटरी, टायर, पीयूसी, कर आणि मिस्त्री. समजा, उभा खर्च वर्षाला २४,००० रुपये येतो आणि खऱ्या कामाचे दिवस १२ च निघतात, तर डिझेल घालण्यापूर्वीच प्रत्येक दिवस २,००० रुपयांना पडला. तेवढ्यात त्या दिवसापुरते दुसरे वाहन भाड्याने मिळते काय, हे वडनेरच्या चौकात विचारले तरी कळेल. तेच दिवस ३० असतील तर तो आकडा ८०० वर येतो आणि चित्र पालटते.

कामाबरोबर प्रकृतीही तपासावी. जुन्या जीपचा रंग आणि शिटांचे कव्हर पाहून फसू नये; मिस्त्रीला खाली झोपून चासी पाहायला सांगावी. चासीच्या पोकळीत काळी माती साठून ओलावा धरते आणि लोखंड आतून खाल्ले जाते. इंजिन पुन्हा बांधता येते, पाटे बदलता येतात. कुजलेली चासी मात्र व्यवहारात परवडत नाही. पुढच्या चाकांना जोर देणारी यंत्रणा वर्षानुवर्षे वापरली नसेल तर तिची ऑइल-सीले सुकतात. म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या जमिनीवर फोर-व्हीलचा दांडा टाकून थोडे चालवावे. डांबरी रस्त्यावर मात्र तो दांडा टाकून चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि सैल मातीत तो ताण घसरून निघून जातो तसा डांबरावर जात नाही, तो गिअरांवर येतो. वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रेडिएटर आणि रबरी नळ्या यांचीही परीक्षा होते.

सुरक्षिततेचा मुद्दाही डोळ्यांआड करू नये. नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. १९९६ च्या जीपमध्ये तिचे नावही नाही. धुराचेही तसेच. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या कितीतरी पायऱ्यांच्याही आधीचे हे इंजिन आहे. शेतात मर्यादित वापर असेल तर गोष्ट वेगळी. परंतु सुना-नातवंडांना घेऊन महामार्गावर रोज जाण्याचे हे वाहन नव्हे. जीप ठेवायची ठरली तरी तिचे क्षेत्र आखून ठेवावे.

आता कागद. वास्तविक पुष्कळ घरांचा प्रश्न इथेच अडतो. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे आपल्या कल्पित घरातील १९९६ ची जीप २०११, २०१६ आणि २०२१ ला नूतनीकरण होऊन आली आणि पुढची मुदत २०२६ ची. मोटारीच्या या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क पूर्वी ६०० रुपये होते; १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. शिवाय वाहनाची तपासणी, राज्याचा पर्यावरण कर आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरपाटी आहेच. गावोगावी असे ऐकू येते की पंधरा वर्षांनंतर गाडी सरकार जप्त करते. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल वाहनांविषयीचे निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून दिल्ली परिसरासाठी आले. वर्ध्यासाठी ते नाहीत. तेव्हा या भीतीने कोणी घाईघाईत मातीमोल भावाने जीप देऊ नये. उलट, नूतनीकरणाशिवाय ती रस्त्यावरही आणू नये.

दुसरी अडचण नावाची. आजोबा गेले तरी नोंदणी पुस्तकात त्यांचेच नाव असते, विमाही त्यांच्याच नावाने भरला जातो आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. नियम असा की, मालकाच्या निधनाची सूचना ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावी आणि वारसाच्या नावे वाहन करण्यासाठी ३ महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा. उशीर झाला असेल तर दंडासह का होईना, प्रथम हेच काम करावे. नाव न बदलता जीप ठेवणे जितके धोक्याचे, तितकेच ती विकणेही. मृत व्यक्तीच्या नावाने कोणी सही करू शकत नाही, आणि तशी सही कोणी करत असेल तर ती फसवणूकच होय.

आणि वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आजोबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा. आपल्या उदाहरणात आजी, तीन मुलगे आणि आत्या असे पाच वाटेकरी झाले. जीप फार मोलाची नसेलही; परंतु अमरावतीच्या आत्याची संमती ही केवळ कागदाची पूर्तता नाही. ती माहेरच्या अंगणातल्या वस्तूविषयी विचारपूस आहे. तिला व्यवहार झाल्यावर कळणे आणि आधी विचारले जाणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कित्येक घरांत पाच जण एका कागदावर सही करायला बसतात, तेव्हाच प्रथम आजींना विचारले जाते की तुम्हाला काय वाटते. कदाचित आजी सांगतील की, ही जीप धक्का मारून सुरू करताना तुमच्या आजोबांची कंबर किती दुखायची, हे मलाच ठाऊक. आठवण जपण्याचा आग्रह धाकट्यांचा असतो. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पुष्कळदा सुटकाच हवी असते.

तिसरा प्रश्न सांभाळाचा. जीप सर्वांची असेल तर ती कोणाचीच नसते. टायरमधील हवा, बॅटरी, विम्याची तारीख, पीयूसी, जे जुन्या वाहनाला दर ६ महिन्यांनी लागते, हे सारे पाहणारा एकच माणूस हवा, आणि नोंदणीही शक्यतो त्याच्याच नावे हवी. मधल्या भावाचे काम असेल तर त्याने ती आपल्या नावावर घ्यावी, खर्चही त्याने करावा आणि बाकीच्यांनी त्याला मोकळीक द्यावी. खर्च एकाचा, हुकूम तिघांचा, ही व्यवस्था टिकत नाही. धाकट्यांना आठवणीसाठी जीप हवी असेल तर त्यांनी वर्षाचा उभा खर्च स्वतःच्या खिशातून द्यावा, किंवा ती नागपूरला न्यावी. आठवणीचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकणे व्यापाऱ्याला तरी शोभत नाही.

या तिन्ही कसोट्यांना जीप उतरली तर ती आनंदाने ठेवावी. एकाही कसोटीला उतरत नसेल तर ती चालू स्थितीत असतानाच द्यावी. मधल्या अवस्थेत, म्हणजे ‘पाहू पुढच्या वर्षी’ म्हणून ताडपत्रीखाली ठेवणे, हाच एक पर्याय नक्की तोट्याचा. उभ्या जीपचे डिझेल खराब होते, ब्रेक जखडतात, वायरी उंदीर कुरतडतात. तीन पावसाळ्यांनंतर निर्णय आपण घेत नाही, भंगारवाला घेतो.

विकायचे ठरल्यास व्यापारी घरांनी एक गोष्ट आधी पाहावी : जीप घरच्या मालमत्तेत आहे की पेढीच्या वहीत? जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपले घरगुती वाहन विकले तर त्यावर जीएसटी लागत नाही. परंतु जीप पेढीच्या मालमत्तेत असेल आणि प्राप्तिकरात तिचा घसारा घेतलेला असेल, तर विक्री-किंमत आणि वहीतील शिल्लक किंमत यांतील फरकावर कर येतो. जानेवारी २०२५ पासून जुन्या सर्व मोटारींसाठी हा दर १८ टक्के आहे. आजच्या १५ टक्के घसाऱ्याने ३,००,००० रुपयांची जीप ३० वर्षांनी वहीत सुमारे २,३०० रुपयांची उरते. ती १,५०,००० ला गेली तर १,४७,७०० च्या फरकावर सुमारे २६,६०० रुपये कर होईल. भाव ठरवण्यापूर्वी आपल्या कर-सल्लागारास विचारावे. नंतर विचारल्यास उत्तर तेच मिळते, फक्त ते महाग पडते.

विक्रीची दुसरी खबरदारी नाव-बदलाची. नमुना २९ आणि ३० भरून, वाहन घेणाऱ्याच्या नावे नोंदणी होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून किल्ली देणे ही आपल्याकडील सर्रास चालणारी रीत. तिचा परिणाम गंभीर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. मधे वाहन किती हातांतून गेले याला महत्त्व नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईची नोटीस वडनेरच्या पेढीवरच येईल. म्हणून चार पैसे कमी घेऊन वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात स्वतः नाव बदलून देणारा ग्राहक, हा जास्त भाव देऊन ‘नाव नंतर करू’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा. चासी कुजलेली असल्यास नोंदणीकृत वाहन-निष्कासन केंद्रात जीप देऊन जमा-प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर नवे खाजगी वाहन घेताना रस्ता करात राज्याने ठरवलेली सवलत मिळते, आणि केंद्राच्या नियमांनी तिची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. भंगारवाल्याच्या हातून गेलेल्या जीपची नोंदणी कागदावर जिवंतच राहते, हे विसरू नये.

आता राहिला मनाचा प्रश्न. आपल्या परंपरेत परिग्रहाचे माप वस्तूच्या किमतीने किंवा संख्येने होत नाही, तिच्यातील ममत्वाने होते. कामाची जीप वापरणे हा परिग्रहाचा दोष म्हणता येणार नाही. पण जिचे काम संपले, जिच्याकडे कोणी पाहत नाही आणि तरीही जी कोणाला द्यवत नाही, ती वस्तू आपल्याला बांधून ठेवते. आजोबांनी जीप घेतली ती उपयोगासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. एखाद्या कष्टाळू शेतकऱ्याच्या बांधावर ती पुन्हा चिखल तुडवू लागली, तर तो त्यांच्या व्यवहारदृष्टीचा मानच होईल. आणि मधल्या भावाच्या हाती ती नीट राखली जात असेल, तर तोही मानच. अवमान फक्त दुर्लक्षाने होतो.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी जीप आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एक रविवार काढावा. नोंदणी पुस्तक, विम्याचा कागद आणि डिझेलच्या पावत्या मध्ये ठेवून सर्वांनी बसावे. बाहेरगावच्या बहिणीला फोनवर का होईना, सामील करून घ्यावे. घरातील सर्वांत वडील माणसाला प्रथम बोलू द्यावे. मिस्त्रीचा अहवाल आदल्या दिवशीच आणून ठेवावा. ठेवण्याचा निर्णय झाला तर सांभाळणाऱ्याचे नाव आणि विकण्याचा झाला तर मुदतीची तारीख त्याच बैठकीत वहीत लिहावी आणि सर्वांनी खाली सह्या कराव्यात.